कोलेजनची पावडर टोंगळ्यात जाते का?

दोन-तीन वर्षांपासून आमच्या इकडच्या खेड्यांतही कोलेजनचे डबे दिसायला लागलेत. पुण्यात नोकरीला असलेला पोरगा आईसाठी कुरिअरनं डबा पाठवतो, तालुक्याच्या गावातला मेडिकलवाला कंबरदुखीच्या गोळीसोबत एखादं पाऊच हातात ठेवतो, आणि मोबाईलवर तर दर दुसऱ्या रीलमध्ये कोणीतरी सांगतच असतं की चाळिशीनंतर शरीरातलं कोलेजन संपत जातं, हे प्या नाहीतर सुरकुत्या पडतील, सांधे झिजतील, केस जातील. मग साठीची काकू विचारते, "काहो भाऊ, हे पेलं तं टोंगळे दुखाचे थांबतीन का?" टोंगळे म्हणजे गुडघे. आणि तिला धड उत्तर कोणी देत नाही. "घ्या, चांगलं असते" एवढंच म्हणतात. डबा हजार-दीड हजाराचा, चालतो महिनाभर, आणि जिच्यासाठी तो येतो ती बाई बहुतेक वेळा आयुष्यभर दुसऱ्याच्या नाहीतर स्वतःच्या वावरात राबलेली असते. त्या पैशाचं काय होतं हे तिला कळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोलेजन हे एक प्रोटीन आहे, औषध नाही आणि बाहेरून आलेली नवीन वस्तू पण नाही. आपल्या अंगात जेवढं प्रोटीन आहे त्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश हिस्सा एकट्या कोलेजनचा असतो. कातडी, हाडं, स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, सांध्यातली कूर्चा म्हणजे ती गुळगुळीत गादी, रक्तवाहिन्या, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, सगळीकडे तेच. आतापर्यंत त्याचे २८ प्रकार सापडलेत, पण आपल्या कामाचे मुख्य दोन-तीनच. पहिला प्रकार कातडी आणि हाडात, दुसरा कूर्चेत, तिसरा पहिल्याच्या सोबतीनं कातडीत आणि रक्तवाहिन्यांत. हाडात फक्त कॅल्शियम असतं असं आपल्याला वाटतं, पण हाडातलं खनिज काढून टाकलं तर उरतं त्यातलं जवळपास नव्वद टक्के कोलेजन असतं, आणि त्याच्याच जाळ्यावर कॅल्शियम-फॉस्फरस बसलेलं असतं. म्हणून नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन हाड मजबूत होत नाही.

आता हे दिसतं कसं? बैलाच्या दावणीचा दोर पाहा, तीन पेड एकमेकांवर पिळून वळलेला. कोलेजनचा एक रेणू म्हणजे अगदी तसाच तीन साखळ्यांचा पिळा, आणि एकेका साखळीत हजाराच्या आसपास अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनचे मणी, ओळीनं लागलेली. हा तीन पेडांचा पिळा ज्यांनी पहिल्यांदा बरोबर ओळखला ते आपल्याच देशातले, मद्रास विद्यापीठातले जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था, साल १९५४. तेव्हा रामचंद्रन जेमतेम बत्तिशीचे. शुद्ध कोलेजन पाहिजे म्हणून मद्रासच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून त्यांनी कांगारूच्या शेपटीतली शीर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, मिळवली, तिच्यावर एक्स-रे टाकले आणि जे ठिपके उमटले त्यावरून आतली रचना मांडली. त्यातली एक गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. दर तिसऱ्या जागेवर ग्लायसीन हेच अमिनो आम्ल असतं, कारण तीन पेड जिथं मधोमध चिकटून येतात तिथं दुसरं काही मावतच नाही, ग्लायसीन सगळ्यात छोटं. बाकीच्या जागांवर प्रोलीन आणि हायड्रॉक्सीप्रोलीन भरपूर. हायड्रॉक्सीप्रोलीन हे नाव लक्षात ठेवा, पावडरच्या गोष्टीत ते परत येणार आहे.

हे कोलेजन बनवतात आपल्याच पेशी, फायब्रोब्लास्ट म्हणतात त्यांना, कूर्चेत कूर्चेच्या पेशी आणि हाडात हाडाच्या. त्या अमिनो आम्लं रक्तातून उचलतात, साखळी तयार करतात, मग तिच्यातल्या काही प्रोलीनचं हायड्रॉक्सीप्रोलीन करतात आणि तेव्हाच तीन पेडांचा पीळ घट्ट बसतो. या एका पायरीला व्हिटॅमिन सी लागतंच लागतं. नसेल तर काय होतं? पीळ बसतो पण कच्चा बसतो, असा पीळ २४ अंश सेल्सियसच्या आसपासच उकलायला लागतो आणि आपलं अंग तर ३७ अंशाचं. म्हणजे तयार झालेलं कोलेजन टिकतच नाही. जुन्या काळी महिनोन् महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, जुन्या जखमा परत उघडायच्या, तो स्कर्व्ही म्हणजे हाच प्रकार. १७४७ मध्ये जेम्स लिंड या इंग्रजी जहाजावरच्या डॉक्टरनं आजारी खलाशांना वेगवेगळं खायला देऊन पाहिलं, ज्यांना संत्री-लिंबं दिली ते चटकन सुधारले. संत्री! वरूड-मोर्शी-काटोलच्या पट्ट्यात ज्याचे ढीग लागतात तीच. आणि संत्र्यापेक्षा पेरूत सी जास्त, आवळ्यात तर त्याहून जास्त. मोठ्या माणसाला दिवसाला ६५ ते ८० मिलीग्रॅम पुरतं असं आपल्या आयसीएमआरनं सांगितलंय, म्हणजे एखादा मध्यम पेरू खाल्ला तरी दिवसाची सोय झाली. गरजेपेक्षा जास्त सी घेतल्यानं कोलेजन जास्त बनतं असं नाही, कमी पडू नये एवढंच पाहायचं.

मग वय झालं की होतं काय. जाहिरातीत सांगतात की कोलेजन "संपतं", ते तसं नाही. कातडीतलं कोलेजन तरुणपणानंतर दरवर्षी साधारण एक टक्क्यानं कमी होत जातं असा अंदाज आहे, बनवणाऱ्या पेशी मंदावतात आणि आहे ते तुटत राहतं. बायकांमध्ये पाळी गेल्यावर हा वेग एकदम वाढतो, पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं तीसेक टक्के कोलेजन जातं असं अभ्यासांत दिसलंय, कारण इस्ट्रोजेन कमी होतं. पन्नाशीतल्या बाईला वाटतं की दोन वर्षांत आपण एकदम म्हाताऱ्या झालो, ते तिच्या मनाचे खेळ नाहीत, ते खरंच घडलेलं असतं.

पण वय हे एकच कारण नाही, आणि इथं मला जरा थांबून बोलायचंय, कारण आपल्या भागाचा याच्याशी फार जवळचा संबंध आहे. पहिलं कारण ऊन. अकोला, चंद्रपूर, वर्धा, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो ते सगळ्यांना माहीत आहे, पण कातडीचं नुकसान गरमीनं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त उन्हातल्या अतिनील किरणांनी होतं, आणि ते किरण कापूस वेचणीच्या दिवसांतल्या कोवळ्या वाटणाऱ्या उन्हात पण असतात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं की कातडी लाल सुद्धा होणार नाही एवढ्या थोड्या किरणांनी कोलेजन तोडणारी एन्झाइम कातडीत जागी होतात. रोज थोडं थोडं तुटतं, दुरुस्ती होते पण पूर्ण होत नाही. तुमच्या घरातल्या आजीच्या दंडाची आतली, लुगड्याच्या आडची कातडी आणि मनगटाची वरची कातडी शेजारी ठेवून पाहा, दोन्हींचं वय सारखंच पण दिसायला वीस वर्षांचा फरक. हा फरक उन्हाचा आहे. डोक्यावरून पदर, पूर्ण बाहीचा जुना शर्ट घालून वावरात जायची आपल्या बायकांची जी पद्धत आहे ना, ती कातडीच्या कोलेजनसाठी कुठल्याही पावडरपेक्षा जास्त काम करते हे मी खात्रीनं सांगतो.

दुसरं कारण साखर, म्हणजे रक्तातली वाढलेली साखर. तुम्ही तीन महिन्यांची शुगर तपासता ना, एचबीएवनसी, ती टेस्ट चालते कशी? रक्तातली साखर लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला जाऊन चिकटते आणि सुटत नाही, किती चिकटली ते मोजायचं. लाल पेशी साधारण १२० दिवसांत बदलते म्हणून मागच्या तीनेक महिन्यांचा हिशोब कळतो. तीच साखर कोलेजनला पण चिकटते, पण कातडीतलं कोलेजन बदलायला वर्षानुवर्षं लागतात, आणि कूर्चेतलं तर अर्धं बदलायला शंभर वर्षांच्या वर लागतील असा हिशोब निघालाय, म्हणजे जवळपास आयुष्यभर तेच. मग विचार करा त्याच्यावर किती चिकटत जात असेल. साखर चिकटलेले धागे एकमेकांत अडकतात, कडक होतात, लवचिकपणा जातो. शुगरवाल्या लोकांचा खांदा जखडण्याचं प्रमाण जास्त असतं त्यामागे हे एक कारण मानलं जातं. म्हणून कोणी शुगर ३०० ठेवून कोलेजन पीत असेल तर त्यानं आधी शुगरकडे पाहायला पाहिजे.

तिसरं खर्रा. हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतं, कारण पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणारा खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, आता चौदा-पंधरा वर्षांची पोरं पण खातात, आणि बायकाही खातात, फक्त लपून. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे पण खर्रा काही थांबला नाही. तंबाखूनं कॅन्सर होतो हे तरी लोकांनी ऐकलेलं असतं, सुपारीचं कोणी बोलत नाही. सुपारीत अरेकोलिन नावाचा घटक असतो, तो तोंडाच्या आतल्या पेशींना कोलेजन बनवायला सारखा चिथावत राहतो, सुपारीतलेच दुसरे घटक ते कोलेजन तुटू देत नाहीत, आणि सुपारीतलं तांबं कोलेजनचे धागे एकमेकांना घट्ट बांधणाऱ्या एन्झाइमचं काम वाढवतं. म्हणजे तोंडात कोलेजन जमत जातं, जमत जातं, गाल आतून पांढरट आणि चिवट होतात, तिखट लागलं की आग होते, आणि हळूहळू तोंड उघडेनासं होतं. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा, जात नसतील तर लगेच दाताच्या डॉक्टरला दाखवा, कारण यातून पुढे कॅन्सर व्हायचा धोका चांगलाच असतो. आणि झालेला कडकपणा पूर्ण परत जात नाही, सुपारी सोडली तर पुढचा थांबू शकतो. म्हणून कोलेजन म्हणजे नुसतं चांगलं, जेवढं जास्त तेवढं बरं, असं समजणं चुकीचं आहे. ते योग्य जागी, योग्य तेवढं बनलं पाहिजे आणि जुनं झालेलं मोडलंही गेलं पाहिजे.

आता डब्याकडे येतो. हायड्रोलाइज्ड कोलेजन, कोलेजन पेप्टाइड, कोलेजन हायड्रोलायझेट, डब्यावर काहीही लिहिलेलं असो, वस्तू तीच. जनावरांची कातडी आणि हाडं, नाहीतर माशाची कातडी आणि खवले, हा कच्चा माल. तो साफ करून आम्लात किंवा अल्कलीत भिजवतात, मग गरम पाण्यात काढतात. गरम केलं की तीन पेडांचा पीळ उकलतो आणि साखळ्या सुट्या होतात, ते झालं जिलेटिन, जे थंड झाल्यावर थलथलीत गोठतं, औषधाच्या कॅप्सूलची टोपणं त्याचीच असतात. हायड्रोलाइज्डसाठी एक पायरी पुढे जातात, त्या सुट्या साखळ्यांवर एन्झाइम टाकून त्यांचे बारीक तुकडे करतात. मूळ रेणूचं वजन तीन लाख डाल्टन, तर या तुकड्यांचं साधारण दोन हजार ते पाच हजार. इतके बारीक झाल्यानं ते गोठत नाहीत, थंड पाण्यात, ताकात, चहात कशातही विरघळतात, आणि पचायला सोपे जातात. वास-चव पण फारशी नसते, म्हणून त्यात आंब्याचा नाहीतर बेरीचा फ्लेवर टाकून विकतात.

पोटात गेल्यावर काय होतं, हा खरा प्रश्न. कोणतंही प्रोटीन खाल्लं, मग ते वरण असो, अंडं असो की ही पावडर, पोट आणि आतडी त्याचे तुकडे तुकडे करून अमिनो आम्लं वेगळी करतात आणि ती रक्तात जातात. तिथून शरीर ठरवतं कुठे वापरायची. गुडघ्यासाठी खाल्लं म्हणून गुडघ्यातच जाईल असा काही पत्ता त्यावर लिहिलेला नसतो. जुने डॉक्टर लोक म्हणूनच या पावडरला पूर्ण फालतू समजायचे. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी लोकांना उपाशीपोटी हायड्रोलाइज्ड कोलेजन देऊन रक्त तपासलं तेव्हा एक-दोन तासांत रक्तात दोन-दोन अमिनो आम्लांचे जोड अख्खे सापडले, त्यात सगळ्यात जास्त प्रोलीन आणि हायड्रॉक्सीप्रोलीनचा जोड. हायड्रॉक्सीप्रोलीन असलेला जोड पचवणाऱ्या एन्झाइमना सहज तुटत नाही, म्हणून तो वाचून पुढे जातो. नंतर उंदराच्या कातडीतल्या पेशींवर प्रयोग करून पाहिले तर या जोडानं त्या पेशी वाढायला मदत होते असं दिसलं. यातून एक कल्पना निघाली की हे जोड रक्तात फिरताना पेशींना असा इशारा देत असावेत की कुठेतरी कोलेजन तुटलंय, नवीन बनवा. कल्पना पटण्यासारखी आहे, पण काचेच्या भांड्यातल्या पेशी आणि वर्ध्याच्या साठ वर्षांच्या बाईचा गुडघा यात खूप अंतर आहे.

मग माणसांवर प्रयोग झालेत का? झालेत, बरेच. कातडीबद्दल सगळ्यात जास्त. २०१४ मध्ये जर्मनीत ३५ ते ५५ वयाच्या ६९ बायकांना रोज अडीच किंवा पाच ग्रॅम पेप्टाइड आठ आठवडे दिलं, आणि कोलेजन नसलेली नुसती पावडर घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्या कातडीचा लवचिकपणा वाढलेला दिसला. असे पुष्कळ छोटे प्रयोग जोडले तर सरासरीत थोडा फायदा दिसतो, कातडीतला ओलावा वाढतो, लवचिकपणा थोडा सुधारतो. पण २०२५ मध्ये दोन कोरियन संशोधकांनी २३ प्रयोग, १४७४ लोक, सगळे एकत्र करून वेगळ्या नजरेनं पाहिलं. पैसा कोणी दिला होता? ज्या प्रयोगांना कंपन्यांचा पैसा होता त्यांत फायदा, ज्यांना नव्हता त्यांत फायदा नाही. आणि चांगल्या दर्जाचे प्रयोग वेगळे काढले तर त्यांतही फायदा दिसेना. मला विचाराल तर चेहऱ्याच्या सुरकुत्यांसाठी या पावडरवर पैसे घालायची गरज नाही, याच पैशात टोपी, रुमाल आणि बरं सनस्क्रीन येतं. कोलेजनच्या क्रीमचं तर बोलायलाच नको, पाचशे डाल्टनपेक्षा मोठे रेणू कातडीतून आत सहसा जात नाहीत, तीन लाखांचा कुठून जाणार, ते वरून मऊपणा देतं एवढंच.

सांध्यांचं चित्र थोडं बरं आहे. गुडघ्याच्या झिजेत, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, रोज दहा ग्रॅमच्या आसपास तीन ते सहा महिने घेतल्यावर दुखणं थोडं कमी झाल्याचं काही प्रयोगांत दिसलंय. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या खेळाडूंवर २४ आठवडे प्रयोग झाला त्यातही सांधेदुखी थोडी कमी निघाली. पण "थोडी" हा शब्द लक्षात घ्या, आणि झिजलेली कूर्चा परत भरून आली असं पक्कं कोणी दाखवलेलं नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०११ मध्ये सगळे कागद तपासून सांगितलं की कोलेजन हायड्रोलायझेटमुळे सांधे चांगले राहतात हा दावा सिद्ध होत नाही. त्यानंतर नवीन अभ्यास आले पण बहुतेक लहान, आणि बरेचसे बनवणाऱ्यांच्याच पैशानं झालेले. हाडांचं बोलायचं तर २०१८ चा एक प्रयोग आहे, पाळी गेलेल्या बायकांना वर्षभर रोज ५ ग्रॅम दिल्यावर हाडांची घनता थोडी वाढली, पण एवढ्यावरून कोणी हाडांच्या डॉक्टरची गोळी बंद करू नये.

म्हणजे माझं म्हणणं असं आहे की ही पावडर विष नाही, जादू पण नाही, ती एक महागडं प्रोटीन आहे ज्याचा सांध्याला थोडा उपयोग होऊ शकतो. आणि प्रोटीन म्हणूनही ती अर्धवट आहे. शरीराला बाहेरून घ्यावीच लागतात अशा अमिनो आम्लांपैकी ट्रिप्टोफॅन कोलेजनमध्ये अजिबात नसतं, बाकीची दोन-चार पण कमीच. म्हणून एकट्या कोलेजनवर स्नायू बनत नाहीत. आणि म्हातारपणी खरं संकट स्नायूंचं असतं. आमच्या गावातली म्हातारी माणसं काय खातात पाहा, सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भाकर आणि ठेचा नाहीतर पातळ भाजी, संध्याकाळी दात नाहीत म्हणून चहात चुरलेली पोळी. वरण असलं तरी वरचं पाणी. आयसीएमआरनं दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय, पन्नास किलोच्या बाईला साधारण ४२ ग्रॅम, आणि म्हाताऱ्यांना तर किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडं जास्तच पाहिजे असं बऱ्याच तज्ज्ञांचं मत आहे. चहा-पोळीवर याच्या अर्धंही होत नाही.

आता ज्या महिन्यात हजार-दीड हजाराचा डबा येतो त्याच पैशात काय काय येतं ते मांडून पाहा. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन, पूर्ण प्रोटीन, ट्रिप्टोफॅनसकट. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत वीस-बावीस ग्रॅम, शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास. ज्वारीत लायसीन कमी असतं आणि डाळीत ते भरपूर असतं, म्हणून ज्वारीची भाकर आणि घट्ट वरण सोबत खाल्लं की एकमेकांची उणीव भरून निघते, आपल्या आज्या हे न मोजता करत होत्या. हिवाळ्यात तुरीचे सोले, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचा घोळाणा, आणि दात नसतील तर मऊ खिचडी, मुगाचं धिरडं, दही, अंड्याची बुर्जी. मांसाहार करणाऱ्या घरी पायाचा रस्सा होतोच, बकऱ्याचे खूर तासन् तास उकळले की जे चिकट पाणी सुटतं ते जिलेटिन, म्हणजे उकललेलं कोलेजनच. त्याचं किती ग्रॅम पोटात गेलं ते मोजता येत नाही आणि पावडरपेक्षा ते फार वेगळं काम करतं असंही नाही, पण थंडीच्या दिवसांत आजाऱ्याला द्यायला चांगलंच आहे. फक्त बीपी असेल तर मीठ आणि वरची तर्री कमी ठेवा.

माळकरी, शाकाहारी लोकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो कारण दुकानात ती सांगत नाहीत. झाडापाल्यात कोलेजन नसतं. कोलेजन म्हटलं की जनावर नाहीतर मासा आलाच. "व्हेज कोलेजन" किंवा "प्लांट कोलेजन" म्हणून जे विकतात त्यात बहुतेक वेळा व्हिटॅमिन सी, बायोटिन, काही अमिनो आम्लं, झाडांचे अर्क असं असतं, आणि ते कोलेजन बनायला मदत करतं असा दावा असतो. सीसाठी आवळा आहेच. डब्यावर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण एवढं पाहून घ्या, आणि माशाचं आहे की गाई-म्हशीचं हे छोट्या अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचून घ्या, ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. माशाची ॲलर्जी असणाऱ्यांनी पण. किडनीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय कुठलीच प्रोटीनची पावडर घेऊ नये. आणि एक गोंधळ नेहमी होतो, टाइप टू किंवा अनडिनेचर्ड कोलेजनची ४० मिलीग्रॅमची कॅप्सूल ही वेगळी वस्तू आहे, ती तुकडे न केलेली असते आणि तिचं काम वेगळ्या रीतीनं चालतं असं मानतात, तिची आणि दहा ग्रॅमच्या पावडरची तुलना करू नका. पावडर घेत असाल तर मात्र ग्रॅम पाहा, काही गोळ्यांत जेमतेम पाचशे मिलीग्रॅम असतं आणि प्रयोग झालेत अडीच ते दहा ग्रॅमवर, म्हणजे दिवसाला पाच ते वीस गोळ्या.

पण पावडर घ्यायच्याही आधी, सांधे दुखतायत तर का दुखतायत ते कळलं पाहिजे. आपल्या भागात हे जास्त महत्त्वाचं आहे. तरुण पोराचं किंवा पोरीचं खुब्याचं हाड दुखत असेल, अधूनमधून अंग दुखून ताप येत असेल, तर सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी करा, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ या पट्ट्यात तो भरपूर आहे आणि त्यात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठाच बंद पडू शकतो. चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्यानं दात पिवळे-तपकिरी होतात आणि वर्षानुवर्षं पिऊन पाठ-मान-सांधे आखडतात, तिथं पाणी बदललं पाहिजे. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं तासभर आखडलेली राहत असतील, सुजत असतील तर तो संधिवाताचा दुसरा प्रकार असू शकतो, त्याची औषधं वेगळी आणि ती वेळेत सुरू केली नाहीत तर सांधे कायमचे वाकडे होतात. यातल्या एकातही कोलेजन काही करणार नाही.

आणि साधी वयाची झीज असेल तर ज्याचा पुरावा सगळ्यात पक्का आहे ते म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम, आणि वजन जास्त असेल तर ते कमी करणं. "आम्ही तं दिवसभर वावरात राबतो, अजून व्यायाम कायले?" हे मी खूपदा ऐकतो. निंदणाला दिवसभर उकिडवं बसणं, वाकून वेचणी करणं यात गुडघ्यावर आणि कंबरेवर भार पडतो पण मांडीचा स्नायू पूर्ण ताणून-आवळून बळकट होत नाही. खुर्चीवर किंवा कॉटच्या कडेला बसायचं, हात छातीवर घडी करायचे, आणि हाताचा आधार न घेता उठायचं-बसायचं, दहा वेळा, थोडं थांबून परत दहा वेळा. दुसरं, बसल्या बसल्या पाय गुडघ्यात सरळ करून दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा. बस एवढंच, रोज. कोलेजनलाही अशी हालचाल लागते, कारण शीर आणि कूर्चा यांना रक्तपुरवठा कमी असतो, कूर्चेला तर नसतोच, तिला पोषण मिळतं ते सांधा दाबला-सुटला की आत-बाहेर होणाऱ्या पाण्यातून. २०१७ चा एक छोटा प्रयोग आहे, तरुण मुलांना व्हिटॅमिन सी टाकलेलं १५ ग्रॅम जिलेटिन पाजून तासाभरानं दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, तर रक्तातली कोलेजन बनण्याची खूण दुप्पट झाली. प्रयोग आठच जणांवरचा, म्हणून त्यावर फार उड्या मारू नका, पण घ्यायचीच असेल पावडर तर व्यायामाच्या तासभर आधी, आवळ्याच्या नाहीतर लिंबाच्या पाण्यासोबत घेण्यात काही नुकसान नाही.

ज्यांच्या घरी डबा येऊनच पडलाय किंवा पोरानं प्रेमानं पाठवलाय, त्यांनी तो फेकू नये. पण एक करा. सुरू करायच्या आधी घड्याळ लावून तीस सेकंदात कॉटवरून हात न लावता किती वेळा उठता येतं ते मोजा, आणि पायऱ्या चढताना दहापैकी किती दुखतं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. बारा आठवड्यांनी परत मोजा. काही फरक नसेल तर पुढचा डबा मागवू नका, पोराला सांगा की त्या पैशाची डाळ-अंडी होऊ दे. आणि व्यायाम त्याच आठवड्यात सुरू केला असेल तर फरक व्यायामाचा की पावडरचा हे कळणारच नाही, म्हणून आधी दोन-तीन महिने नुसता व्यायाम आणि घट्ट वरण, तोवर डबा न फोडता तारीख पाहून कोरड्या जागी ठेवून द्या.